पुढे कोण धावणार

कुमासी,
४ मार्च २००१

कोर्कोर,

पोचले. बस दोनदा बंद पडली. ओब्लिटे चांगला ड्रायव्हर आहे, पण त्याची बस त्याचं ऐकत नाही. हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. तूही उत्तर त्याच्याकडे दे, टपालावर माझा विश्वास नाही.

नात बरी आहे. रडते कमी, पिते जास्त. अमेर्ली दवाखान्यातल्या कामावर परत रुजू झाली, की बाळाला सांभाळणारी एखादी बाई मिळेपर्यंत मी इथे. सहा आठवडे. जावई भला माणूस आहे. रोज फुफू खातो आणि मलाही खायला लावतो. केनके मिळतं, पण ते फांटी लोकांचं. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा गोळा आपल्यासारखा कणसाच्या सालात नाही, केळीच्या पानात बांधतात. चाळीस वर्षं केनके विकलेल्या बाईला ते गिळावं लागतं.

आता आपल्या धावण्याच्या क्लबचं. हे सगळ्यांना वाचून दाखव.

शनिवारी पहाटे पाचला पुलापाशी जमायचं. ढोल रांगेच्या मध्ये, दोन्ही तुतारीवाले ढोलाच्या डाव्या हाताला. अताआ टेटेला सांग, ढोल पायांना धरून वाजव, पायांना तुझ्यामागे ओढू नकोस. महिन्याच्या पहिल्या शनिवारी नर्स लॅम्प्टे येते. तिचं टेबल कडुनिंबाखाली मांडायचं. दंड पुढे करून बीपी मोजल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. कोणी म्हणेल मासळी जळेल, पोरं उठतील. जळू दे, उठू दे.

पुढची जागा रिकामी ठेवायची. माझ्यामागे चार पावलं सोडून पहिली रांग असते, तशीच असू दे. मी तिथे आहे असं समजून धावायचं. सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

शिट्टी मी बरोबर आणली आहे. शोधू नकोस.

डेडे


टेशी,
२० मार्च

ताई,

तुझं पत्र पुलावर उभं राहून वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. नात पितेय ऐकून बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्या शनिवारी तू सांगितलंस तसं केलं. चार पावलं रिकामी सोडली आणि निघालो. तुझी पाठ दिसत नाही म्हटल्यावर किती वेगाने धावायचं ते कोणाला कळेना. पहिली रांग हळू झाली, मागची तिच्या टाचांवर चढली. अताआ टेटे ओरडला, "अगं, धावताय की मासळीच्या लिलावाला उभ्या आहात?" बाजाराजवळ दोन कुत्री त्या रिकाम्या जागेत शिरली आणि शाळेपर्यंत आमच्यापुढे धावली. पोरं ओरडत होती, "आंटी डेडे आली! आंटी डेडे आली!" मी त्यांना रागावले.

दुसऱ्या शनिवारी एका ट्रोट्रोवाल्याला वाटलं वाट मोकळी आहे, त्याने प्रवाशांनी भरलेली गाडी आत घातली. कोणाला लागलं नाही. पण कमिटी बसली आणि म्हणाली, कोणीतरी पुढे हवं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग मीच म्हणाले, ठीक आहे.

तू येईपर्यंतच.

लागणारच होती म्हणून बाजारातून एक साधी शिट्टी आणली.

तुझी तब्येत कशी आहे? कुमासीत चढ फार आहेत म्हणतात. उगीच वरखाली करू नकोस.

कोर्कोर


कुमासी,
१ एप्रिल

कोर्कोर,

तू खाली बघितलंस. मला दिसतंय. लहानपणी आईने मोठा मासा कोणाला हवा विचारलं की तू अशीच खाली बघायचीस, आणि मासा तुझ्या ताटात जायचा.

कमिटी बसली म्हणे. कोणी बसवली? आठ वर्षांपूर्वी आपल्या गल्लीत एका वर्षात तीन बायका तोंड वाकडं होऊन पडल्या, तेव्हा कमिटी कुठे होती? पाच जणींना घेऊन मी धावायला निघाले तेव्हा लोक दारात उभे राहून हसत होते. त्यांत तू होतीस. "म्हातारीला कोण पळवून नेतंय गं?" हे कोण म्हणालं होतं? मी विसरलेले नाही.

कोर्कोर म्हणजे दुसरी मुलगी. आपल्या लोकांनी नावं विचार करून ठेवली आहेत. पहिली डेडे, दुसरी कोर्कोर. पहिली दूर गेली म्हणून दुसरी पहिली होत नाही.

ओब्लिटे सांगत होता तुझ्या पायांत नवे बूट आहेत. पांढरे, बाजूला निळी पट्टी. मी विचारलं, "कधीपासून?" तर म्हणाला, "आंटी, मी गाडी चालवतो, बायकांचे पाय बघत नाही." मग पट्टीचा रंग कसा दिसला?

अमेर्ली अजून घरीच आहे, पण दर दुसऱ्या आठवड्याला दवाखान्यात काही ना काही काम काढते आणि मला सोबत नेते. मी नातीला घेऊन बाकावर बसते. गेल्या वेळी तिथल्या एका डॉक्टरला वेळ होता म्हणून त्याने माझ्या पाठीवर नळी ठेवली. बोटांनी ठोकून बघितलं, मी पातेल्यात पीठ शिजलं का ते बघते तसं. विशेष काही नाही.

नवी शिट्टी वाजवू नकोस. लोकांच्या कानाला माझीची सवय आहे.

डेडे


टेशी,
२३ एप्रिल

ताई,

डॉक्टर काय म्हणाला? "विशेष काही नाही" हे तू म्हणतेस. तो काय म्हणाला ते लिही.

बूट आहेत. निळी पट्टी आहे. जुन्यांतून अंगठा बाहेर आला होता.

तू विचारणार नाहीस, पण तुला जाणून घ्यायचं असेल म्हणून क्लबचं सांगते. आता आपण ऐंशी झालो. नर्स लॅम्प्टे महिन्यातून दोनदा येते. अकरा जणांचं बीपी वाढलेलं निघालं. त्यांत बेकरीवाला सोवा आहे. त्याला नर्स म्हणाली, "तुम्ही आज चालत आलात हेच नवल." तर तो म्हणतो, "चालत नाही आलो, पाव द्यायला सायकलवरून आलो." आता तो औषध घेतो. धावणं त्याला जमत नाही, म्हणून मी रांगेच्या मागे चालणाऱ्यांची वेगळी तुकडी केली. नुकत्याच बाळंत झालेल्या दोघी आहेत, गुडघेदुखीवाले आहेत, सोवा आहे. लोक तिला शेपूट म्हणतात. शेपटातले स्वतःला शेपूटच म्हणवून घेतात आणि धावणाऱ्यांना दात दाखवतात. पुलापासून शाळेपर्यंत त्यांच्या गप्पा चालतात. कोणी शनिवारी आलं नाही, तर शेपूट त्याच्या घरावरून जातं आणि दार वाजवतं. त्यामुळे म्हातारा ॲडजेई तापाने पडलेला सापडला. घरात एकटाच होता.

सगळे तुझी आठवण काढतात.

कोर्कोर


कुमासी,
६ मे

कोर्कोर,

मी होते तेव्हा ऐंशी का नव्हते?

हा प्रश्न मी तुला विचारत नाही. मी इथे खिडकीत बसून, नात मांडीवर घेऊन स्वतःला विचारते. उत्तर येतं की डेडे, तू लोकांना धाववत होतीस आणि कोर्कोर त्यांना बोलावते आहे. मग मला तुझा इतका राग येतो की नातीचं दूध उतू जातं. दोनदा गेलं.

चालायचंच असेल तर लोकांनी चर्चला जावं. धावण्याच्या क्लबात चालणाऱ्यांची तुकडी म्हणजे केनकेच्या दुकानात भाताची पाटी. उद्या बसणाऱ्यांची तुकडी कर. परवा झोपणाऱ्यांची.

ॲडजेई सापडला ते बरं झालं. तो माझ्याकडे तीस वर्षं उधार खात आला आहे, त्याला सांग मी विचारलंय. नाही, सांगू नकोस, तुझ्या तोंडून नको.

सहा आठवडे कधीच झाले. अमेर्ली आता कामावर जाते. बाळ सांभाळणारी बाईही मिळाली होती, तिला अमेर्लीने परत पाठवलं. का ते सांगत नाही. मी पिशवी भरून ठेवली आहे. २५ तारखेला ओब्लिटेच्या बसने निघते. ढोलबंदीच्या आधी एक शनिवार मिळेल. त्या दिवशी मी पुढे. तू तुझ्या शेपटात जा, तुला तिथे आवडतं असं दिसतं.

डॉक्टरचं पुन्हा विचारू नकोस.

डेडे


टेशी,
१० जून

ताई,

तू आली नाहीस. आम्ही पुलावर वाट बघितली. ओब्लिटे म्हणाला की तू पिशवी घेऊन बसथांब्यावर आली होतीस, अमेर्लीही आली, तुम्ही दोघी भांडलात आणि तू परत गेलीस. कशावरून ते त्याला कळलं नाही. मला अमेर्लीची एक ओळ मिळाली: आई अजून येणार नाही.

इथे ढोलबंदी लागली. मका पेरला गेला. आता देवांच्या शांततेसाठी महिनाभर ढोल नाही, तुतारी नाही, टाळ्या नाहीत. चर्चवालेही हळू आवाजात गातात. अताआ टेटे ढोल घरी ठेवून आमच्याबरोबर धावतो, आणि त्याच्या हातांचं काय करावं ते त्याला कळत नाही.

एक गोष्ट तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. गेल्या शनिवारी मी शिट्टी वाजवली.

हो. बंदीत. बाजाराच्या वळणावर. शेपूट रस्ता ओलांडत होतं. ढोल नसल्यामुळे ट्रोट्रोवाल्याला आपण येतोय ते कळलंच नाही. सोवा रस्त्याच्या मधोमध होता. माझा हात आपोआप तोंडाकडे गेला. गाडी थांबली. सोवा वाचला. आणि सगळं टेशी जागं झालं.

मुख्य पुजाऱ्याची माणसं आम्ही पुलावर पोचायच्या आत पुलावर होती. एक जण म्हणाला, "आजी, देव झोपलेत हे माहीत आहे ना?" मी म्हणाले, "माहीत आहे." तो म्हणाला, "मग?" मी म्हणाले, "मग आता ते जागे झाले असतील, तर सोवाकडे लक्ष ठेवायला सांगा." हे बोलायला नको होतं. दंड झाला. एक मेंढा आणि जिनच्या दोन बाटल्या. पुजाऱ्याच्या अंगणात सगळ्यांसमोर अनवाणी उभं राहून माफी मागितली. बायका ओढणीत तोंड लपवून हसत होत्या. सोवाने मेंढा दिला.

मासळी बाजारात आता मला सगळे शिट्टी म्हणतात.

कोर्कोर


कुमासी,
१७ जून

प्रिय कोर्कोर,

तुझं पत्र जावयाला वाचून दाखवलं. मग शेजारणीला. मग अमेर्ली कामावरून आल्यावर तिलाही. अनवाणी! पुजाऱ्याच्या अंगणात! मी इतकी हसले की नात घाबरून रडायला लागली आणि मग तीही हसायला लागली.

आठ वर्षांत माझ्याकडून असं एकदाही झालं नाही. बंदी लागण्याच्या आदल्या दिवशी मी शिट्टी काढून पिठाच्या डब्यात ठेवायची. पुढे धावणाऱ्याला हे सुचावं लागतं. नवे बूट घातले म्हणून सुचत नाही.

आज इथे हवा छान आहे. फुफूसुद्धा चांगलं लागलं. तुला अजून काही सांगायचं असेल तर सविस्तर लिही. माफी मागताना कोण कोण होतं? चर्चची बायबलवाली बाई होती का? ती काय म्हणाली?

सोवाला जपायला सांग.

तुझी बहीण,
डेडे


कुमासी,
१९ जून

अमेर्लीच्या कपाटात नातीची टोपी शोधत होते. तुझं पत्र सापडलं. जानेवारीतलं.

"काहीही कारण काढ, पण तिला कुमासीला बोलाव. बाळाचं सांग. लवकर सोडू नकोस."

तुझं अक्षर मला ओळखता येतं. मीच शिकवलंय.

मी इथे चार महिने दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्यांचं केनके खात बसले आहे. मला वाटत होतं माझ्या मुलीला माझी गरज आहे. तू मला गावातून काढलंस. एका जागेसाठी, चार पावलांसाठी.

मेंढा कमी झाला. तुला बैल लावायला हवा होता.

डेडे


टेशी,
१ जुलै

ताई,

मी पत्र लिहिलं होतं. तू वाचलंस तेच. आता बाकीचं वाच.

गेल्या वर्षीच्या ढोलबंदीत मी तुझ्यामागे पहिल्या रांगेत होते. ढोल वाजत असला की ढोलच ऐकू येतो. तो थांबला की पाय ऐकू येतात, आणि पायांची सवय झाली की श्वास. त्या महिन्यात मी मागे न बघता सांगू शकायचे कोण कुठे आहे. तुझा श्वास शाळेच्या चढावर तुटत होता. आत जाताना दोनदा अडकायचा, आणि बाहेर येताना माझ्या मासळीच्या भट्टीत ओलं लाकूड घातल्यावर येतो तसा आवाज. चारही शनिवारी. शेवटच्या शनिवारी सपाटीवरसुद्धा.

मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, "तुझ्या कानात धूर गेलाय."

आठ वर्षं तू सगळ्या टेशीचे दंड नर्सच्या टेबलावर ठेवायला लावलेस. तुझा कधी ठेवला नाहीस. तू रांग लावतेस, लोकांना ढकलतेस, स्वतः शेवटी उभी राहतेस, आणि तुझी पाळी आली की तुला चुलीवरचं पातेलं आठवतं. नर्सनेच मला हे दाखवलं. ती म्हणाली, "तुमच्या बहिणीचं नाव माझ्या वहीत एकदाही नाही." इथल्या दवाखान्यात तू गेली नसतीस. क्लब काढणारी बाई आजाऱ्यांच्या बाकावर बसलेली लोकांनी बघितली असती. कुमासीत तुला कोणी ओळखत नाही. अमेर्ली त्याच दवाखान्यात काम करते. म्हणून लिहिलं.

इथे थांबले असते तर मी चांगली बहीण ठरले असते. पण तू मला लहानपणापासून ओळखतेस, म्हणून पुढचंही लिहिते.

तू गेलीस की ती जागा मोकळी होईल हे मला पत्र लिहिताना माहीत होतं. तरी लिहिलं. तू निघालीस त्या दिवशी सगळे तुला सोडायला आले, मीही रडले, आणि घरी येऊन पलंगाखालून बूट काढून घालून बघितले. पलंगाखाली होते, म्हणजे आधीच आणलेले होते. जुन्यांतून अंगठा बाहेर आला होता हे खोटं. जुने चांगले होते.

सूप आधी तुझ्या वाटीत. शाळेत तू, भट्टीवर मी. अक्षरं तू शिकवलीस खरी, पण तुझी फुटलेली पाटी देऊन. लग्न तुझं आधी, मुलगी तुझी आधी, नवरासुद्धा आधी तुझाच गेला आणि सगळी गल्ली तुझ्या दारात बसली. माझा गेला तोवर लोकांना सवय झाली होती. मला हाक मारताना लोक मोजतात. तू नावाची गोष्ट काढलीस, मी सत्तावन्न वर्षं ती ऐकते आहे.

श्वास आधी ऐकला की जागा आधी पाहिली, हे मला विचारू नकोस. मी खूपदा विचार केला. दोन्ही एकाच पहाटे झालं.

डॉक्टर काय म्हणाला?

कोर्कोर


कुमासी,
२२ जुलै

कोर्कोर,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. तीनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता.

जावयाच्या घरामागे चढ आहे. घरातले उठायच्या आधी मी कॅनव्हासचे बूट घालून निघाले. मला तुला लिहायचं होतं की मी वरपर्यंत धावले आणि मला काही झालं नाही. पुढे कोणी नव्हतं, मागे कोणी नव्हतं. ढोल नव्हता. त्यामुळे मलाही ऐकू आलं.

अमेर्लीला सांगितलं की अर्ध्यावर दम लागला म्हणून बसले. बसले नव्हते, पडले. कोळसा विकणाऱ्या एका बाईने मला तिच्या हातगाडीवर घालून आणलं. नऊ दिवस दवाखान्यात होते. तुला कळवू नकोस असं मीच अमेर्लीला सांगितलं.

डॉक्टर मार्चपासून एकच सांगतो आहे. आता तुलाही सांगते. बीपी फार आहे, कित्येक वर्षांचं असावं. हृदय फुगलं आहे. बसथांब्यावर अमेर्लीशी त्यावरूनच भांडण झालं होतं. ती म्हणाली, "आई, तू मरशील," आणि मी म्हणाले, "बसमध्ये बसू दे." दोन गोळ्या दिल्या आहेत. सकाळी एक, संध्याकाळी एक, कायमच्या. धावायचं नाही. सपाटीवर चालायचं, जमल्यास चार लोकांबरोबर. मी म्हणाले, म्हणजे शेपटात. त्याला कळलं नाही.

गोळ्या उशीखाली आहेत. सहा दिवसांच्या बारा. अमेर्ली समोर उभी राहते तेव्हा मी तोंडात ठेवते, ती वळली की काढते. एक दिवस तिला कळेल. पण मला एक सांग, कशासाठी घ्यायच्या? शनिवारी खिडकीत बसायला?

आता जे लिहिते ते तुझ्याशिवाय कोणाला लिहिता येणार नाही. पडल्यावर लोकांना देव आठवतो म्हणतात. मला आठवला नाही. मुलगी नाही, नात नाही. मला शवपेटी दिसली. आपल्या क्लबचं माणूस गेलं की हाताला लाल फीत बांधून क्लब त्याच्या पेटीपुढे धावतो, हे मीच सुरू केलं. सोवाच्या आईच्या वेळी मी पुढे होते. दोन्ही लॅरबी भावांच्या वेळी मी होते. या वेळी पेटी माझी होती आणि पुढे पाठ दिसत होती. तुझी. निळी पट्टी चमकत होती. मला मरायची भीती वाटायला हवी होती. मला राग आला, कोर्कोर. तोंडात माती होती आणि मला राग आला होता.

म्हणून लेखी देते. केनकेवाली म्हणून केनकेच्या आकाराची पेटी नको, बुटाच्या आकाराची करवून घ्यायची, नाडीसकट. सुतार आपल्याच गल्लीतला. आणि तिच्यापुढे तू धावायचं नाहीस. अताआ टेटे धावेल. हे पत्र जपून ठेव आणि वेळ आली की कमिटीत वाच.

डेडे


टेशी,
२७ जुलै

ताई,

तुझं पत्र मिळालं. भट्टीमागे बसून वाचलं. किती वेळ बसले ते सांगत नाही. धुराने डोळे सुजले आहेत असं सगळ्यांना सांगितलं.

मग सुताराकडे गेले. त्याच्या अंगणात कांदेवालीसाठी कांद्याची आणि ड्रायव्हरसाठी ट्रोट्रोची पेटी तयार आहे, कोळ्याचा मासा रंगवायचा बाकी आहे. मी म्हणाले, बूट हवा. तो म्हणाला, "कोणत्या पायाचा?" तुझ्या पत्रात ते लिहिलेलं नाही.

अताआ टेटेचं जमणार नाही. तो पुढे धावला तर ढोल कोण वाजवणार? बाकी कोणाला मी धावू देणार नाही. म्हणून आता नीट वाच.

तू मेलीस तर पुढे मी धावणार. तुझी लेखी आज्ञा चुलीत घातली. पुलावरून जवळच्या वाटेने नेणार नाही तुला. मासळी बाजारातून नेईन, शाळेवरून, चर्चवरून, पुजाऱ्याच्या अंगणावरून. हळूहळू. ऐंशी जण मागे, शेपूट त्यांच्या मागे. पांढरा शर्ट इस्त्री केलेला असेल. आंटी डेडेची बहीण म्हणून लोक दारात येतील आणि मला बघतील. कोणीतरी म्हणेलच, "काय धावते! मोठीपेक्षा छान धावते." मी ते ऐकेन. तूही तिथे असशील, पण झाकण लावलेलं असेल, उत्तर देता येणार नाही. आणि पुढच्या शनिवारी मी पुन्हा पुढे. त्याच्या पुढच्या शनिवारीही. दहा वर्षांनी नवीन पोरींना कोणी विचारलं की हा क्लब कोणाचा, तर त्या माझं नाव सांगतील. मी खाली बघेन.

मला हे सगळं हवं आहे. किती हवं आहे ते तुला माहीत आहे.

तुला चालत असेल, तर गोळ्या उशीखाली राहू दे.

कोर्कोर


कुमासी,
१ ऑगस्ट

कोर्कोर,

सकाळची घेतली. अमेर्लीला जीभ बाहेर काढून दाखवली. संध्याकाळची ताटाशेजारी काढून ठेवली आहे.

सुताराला सांग, पाय अजून ठरला नाही.

डेडे